कसर-वटाव

आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात जुना कोड झाडून काढला. कोणी सांगितलं नव्हतं. रफ नावाचा लिंटर, म्हणजे कोड वाचून त्यातल्या चुका दाखवणारं साधन, त्याने सगळ्या प्रोजेक्टवर सोडला, 'सापडेल ते दुरुस्तही कर' असा पर्याय दिला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फायलीफायलींतले न वापरलेले इम्पोर्ट, म्हणजे बाहेरचा तयार कोड आत आणणाऱ्या पण पुढे कामी न आलेल्या ओळी, उडाले. मग त्या बदलांची पुल रिक्वेस्ट, म्हणजे ते मूळ कोडात घेण्याची विनंती, तपासायला माझ्याकडे आली. सोबत निरोप: "ताई, फक्त एफ४०१ आहेत, बघण्यासारखं काही नाही, अप्रूव्ह करून टाका." एफ४०१ हा न वापरलेल्या इम्पोर्टच्या तक्रारीचा क्रमांक. मी चहाचा ग्लास घेऊन बसले. डिसेंबरातली सकाळ. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात बारा वाजेपर्यंत ऊन येत नाही, त्यामुळे स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून माऊस फिरवावा लागतो. स्क्रीनवर नुसत्या लाल ओळी, हिरवी एकही नाही. काही वाढलेलंच नाही, फक्त कमी झालंय, असा डिफ, म्हणजे बदलांची यादी, तपासायला मिळणं म्हणजे आमच्या धंद्यातली चैन. चहा पीत पीत मी खाली सरकत होते. हिशोबपट्टीच्या फायलीत एक लाल ओळ दिसली: 'फ्रॉम डेसिमल इम्पोर्ट डेसिमल, राउंड हाफ अप'. तीही मागे टाकली. दोन फायली पुढे गेल्यावर थांबले आणि परत वर आले.

हिशोबपट्टीत डेसिमल वापरलेलंच नाही?

हे सॉफ्टवेअर आम्ही निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी सांभाळतो. आमच्या आधी दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेलं, नंतर वेगवेगळ्या हातांतून गेलेलं. लिलावात भाव ठरला की ट्रॅक्टर भुईकाट्यावर येतो, भरलेलं वजन होतं, खळ्यावर माल उतरतो, रिकाम्या ट्रॉलीचं वजन होतं, आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. वजन गुणिले भाव, त्यातून वजावटी, खाली देय रक्कम. सगळा खेळ पैशांचा. आणि पायथन या भाषेत पैशांचा हिशोब करायचा तर दशांश आकडे तंतोतंत धरणारं डेसिमल घ्यावं, साध्या फ्लोटच्या वाटेला जाऊ नये, हे कोणीही अनुभवी माणूस पहिल्या दिवशी सांगतो. फ्लोट आकडे बायनरीत साठवतो, त्यामुळे ०.१ अधिक ०.२ विचारलं तर ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देतो. २.६७५ दोन स्थळांपर्यंत राउंड करायला सांगा, २.६७ देतो, कारण त्याच्या पोटातला आकडा मुळातच २.६७५ पेक्षा किंचित कमी असतो. ज्याने कोणी ही फाईल पहिल्यांदा लिहिली त्याला हे माहीत होतं, म्हणून तर त्याने वर ती ओळ लिहिली. मग खाली डेसिमलचं नाव एकदाही का नाही?

लिंटरला हा प्रश्न पडत नाही आणि पडायचं कारणही नाही. त्याचं काम कसं चालतं ते मला फार आवडतं. तो कोड चालवत नाही, वाचतो. फाईल वाचून तिच्या रचनेचं झाड बनवतो, इम्पोर्ट दिसला की ते नाव आपल्या यादीत टिपून ठेवतो, पुढे कुठे ते नाव घेतलेलं दिसलं की त्यावर खूण करतो, आणि फाईल संपली की ज्या नावांवर खूण नाही ती बोलून दाखवतो. पायथनच्या जगात पायचेकर नावाचं एक जुनं साधन होतं, ते तपासण्यासाठी मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करायचं, म्हणजे तपासता तपासता कोड चालायचा. नंतर आलेल्या पायफ्लेक्सने ते टाळलं, नुसतं वाचायचं ठरवलं. फ्लेक८ने पायफ्लेक्सला पोटात घेतलं आणि 'इम्पोर्ट केलंय पण वापरलेलं नाही' या तक्रारीला एफ४०१ हा क्रमांक चिकटला. पायलिंटमध्ये त्याच तक्रारीचा क्रमांक डब्ल्यू०६११. २०२२ मध्ये रस्ट भाषेत लिहिलेला रफ आला, त्याने फ्लेक८चेच क्रमांक ठेवले आणि वेग असा दिला की चालवल्यावर काही झालं की नाही तेच कळत नाही. या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी लिहिलेला लिंट.

मी काही जुनं जपून ठेवणाऱ्यांतली नाही. न वापरलेले इम्पोर्ट मला खुपतात. जावामध्ये ते निदान निरुपद्रवी असतात, कारण कंपायलर त्यांना क्लास फाईलमध्ये नेतच नाही. पायथनमध्ये इम्पोर्ट म्हणजे ती फाईल पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत चालवणं. भुईकाट्याशेजारच्या खोलीत एक म्हातारा कॉम्प्युटर आहे, त्याच्या की-बोर्डच्या फटींत कांद्याच्या पापुद्र्यांचा भुगा बसलेला असतो, खोलीला उघड्यावरच्या कांद्याचा तो गोडसर कुजकट वास. काट्यावरचं वजन उचलून पुढे पाठवणारी एक छोटीशी स्क्रिप्ट तिथे चालते. ती सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की काट्यावरचा माणूस बटण दाबून तंबाखू मळायला घ्यायचा. पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, 'इम्पोर्टटाइम' नावाचा एक पर्याय मिळतो, कोणता इम्पोर्ट किती वेळ खातो ते तो ओळीओळीने दाखवतो. लावून पाहिला. सगळा वेळ पांडास खात होतं. एवढी मोठी लायब्ररी, आणि स्क्रिप्टमध्ये तिचा वापर शून्य. ओळ काढली, स्क्रिप्ट पटकन उठायला लागली. लिंटरने ती कधीच दाखवली असती, पण त्या स्क्रिप्टवर कोणी लिंटर चालवलाच नव्हता. त्या दिवशी काट्यावरच्या माणसाने "बरं झालं मॅडम" म्हटलं ते कपाळाला आठ्या घालूनच, त्याची तंबाखूची सवड गेली होती.

तर साफसफाई हवीच. पण जुन्या प्रोजेक्टवर पहिल्यांदा लिंटर चालवून एफ४०१ची यादी वाचत बसणं हा मला लागलेला एक नाद आहे. ती यादी म्हणजे आधीच्या माणसांची सोडून दिलेली कामं असतात. 'इम्पोर्ट पीडीबी' दिसलं की समजावं, इथे कोणीतरी रात्री उशिरा डीबगर लावून ओळ न ओळ पाहत बसलं होतं, चूक सापडल्यावर खालचा ब्रेकपॉइंट काढला आणि वरची ओळ तशीच राहिली. डेटा नीट मांडून दाखवणारं 'पीप्रिंट' असेल तर समोरून येणारा डेटा नक्की कसा आहे याचा कोणालाच पत्ता नव्हता. 'टाइम' असेल तर एखाद्या चालत नसलेल्या गोष्टीपुढे 'स्लीप', म्हणजे थोडं थांब, टाकून पाहिलेलं असतं, चाललं तर चाललं. 'रँडम' म्हणजे गिऱ्हाइकाला डेमो दाखवताना आकडे खोटे होते. वाचून हसू येतं, थोडं वाईटही वाटतं, आणि मग काढून टाकायचं. ही कचऱ्याचीच ओळ, तिच्यात शोधण्यासारखं काही नसतं.

काही ओळी मात्र वेगळ्या. 'लॉगिंग' इम्पोर्ट केलंय आणि वापरलेलं नाही, असं दिसलं की मी फाईल उघडतेच. निम्म्या वेळा आत एक एक्सेप्ट, म्हणजे चूक झाली तर काय करायचं ते सांगणारा भाग, सापडतो आणि त्याच्या पोटात नुसतं 'पास'. चूक झाली तर नोंद करायची होती, आता चूक झाली तर गप्प बसायचं असं ठरलेलं दिसतं. कोणी ठरवलं, केव्हा ठरवलं, काही नाही. इथे लिंटरची तक्रार बरोबर असते, पण ज्या ओळीवर त्याने बोट ठेवलेलं असतं ती ओळ निर्दोष असते. बिघाड खाली असतो. आणि 'दुरुस्त कर' म्हटलं की तो वरची ओळ काढतो. तक्रार मिटली, यादी स्वच्छ, खालचं 'पास' तसंच.

डेसिमलची ओळ मला त्या जातीची वाटली.

माझे आजोबा रविवार कारंज्याजवळच्या एका घाऊक किराणा पेढीवर दिवाणजी होते. शाळेला सुट्टी लागली की मी दुपारचा डबा घेऊन जायचे. आत शिरलं की आधी गुळाचा वास, मग सुक्या मिरच्यांचा, त्याने हमखास शिंका यायच्या, आणि त्या दोन्हींच्या मागे गोणपाटाचा. आजोबा गादीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात उतरतं मेज, त्यावर लाल कापडी बांधणीची लांबट वही. मला ते बेरजा करायला द्यायचे. बरोबर आली तर सुकं खोबरं. त्यांच्याकडे रबर नव्हतं, आणि मी शाळेतलं माझं रबर एकदा वहीला लावायला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं होतं. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, ती पण अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा. बाजूला बारीक सही. "खाडाखोड करणाराला काय लपवायचंय कोण जाणे," असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य मला उद्देशून होतं की शेजारच्या पेढीवरच्या दिवाणजींना, ते मला अजून सांगता यायचं नाही. मी वही चाळायचे ती बरोबर आकड्यांसाठी नाहीच. रेघ मारलेले आकडे बघायला. एका पानावर साखरेच्या पोत्यांचा आकडा तीनदा कापलेला होता आणि तीन वेळा सही. त्या दिवशी पेढीवर भांडण झालं असणार हे मला दहाव्या वर्षीही कळलं.

कोडातला प्रत्येक बदल जपून ठेवणारं गिट हेच करतं, हे नव्या मुलाने मला ऐकवलंच. मी त्याला बोलावून ती ओळ दाखवली तेव्हा तो म्हणाला, "ताई, पण हटवलं तरी गिटमध्ये आहेच की सगळं. काही हरवत नाही." त्याचं खरं होतं. गिटमध्ये रेघ मारलेला आकडा कायम वाचता येतो, सहीसकट, तारखेसकट. फक्त ते पान उघडायला कोणालातरी कारण लागतं. फाईलच्या डोक्यावर बसलेली बिनकामाची ओळ हे कारण होतं. ती गेल्यावर हिशोबपट्टीची फाईल अगदी सरळ, सुबक दिसत होती. फ्लोटमध्ये पैसे मोजणारी एक साधी फाईल. ती उघडून कोणाच्या मनात काही आलं नसतं.

गिटमध्ये एक पर्याय आहे, लॉगला मोठा एस लावून एखादा शब्द द्यायचा, की तो शब्द ज्या ज्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, वाढला किंवा घटला तेवढी कमिट समोर येतात. मुलाला माहीत नव्हता. त्याच्याच मशीनवर 'डेसिमल' शब्द देऊन चालवला. फाईल पहिल्यांदा लिहिली तेव्हाचं कमिट आलं, त्यात डेसिमल जागोजागी. आणि नंतरचं एक, त्यात खालची सगळी डेसिमल जाऊन त्यांच्या जागी फ्लोट. वरच्या इम्पोर्टला हात लावलेला नव्हता. कमिटवरचा निरोप एका शब्दाचा: 'अर्जंट'. तारीख एप्रिलमधली. एप्रिल म्हणजे उन्हाळ कांद्याची आवक सुरू, खळ्यावर ट्रॉल्यांची रांग, आणि सॉफ्टवेअरवाल्याचा फोन सकाळी सातपासून वाजत असणार. त्याच कमिटमध्ये आणखी एक बदल होता, तो पाहिला आणि सगळं कळलं. हिशोबपट्टी मोबाईलवर दाखवायची नवी सोय त्या दिवशी चालू केली होती. ती जेसनमधून, म्हणजे डेटा मजकुराच्या रूपात पाठवायच्या साच्यातून, जाते. आणि पायथनच्या जेसनला डेसिमल दिलं की तो हात वर करतो: 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप डेसिमल इज नॉट जेसन सिरियलायझेबल'. ही चूक पायथनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते. ट्रॉल्या खोळंबल्यात, मालक डोक्यावर उभा, समोर ही लाल ओळ. डेसिमलच्या जागी फ्लोट लिहिलं की ती जाते. त्याने लिहिलं, ती गेली, रांग पुढे सरकली. खरं तर तिथे डेसिमल फक्त पाठवताना अक्षरांच्या रूपात पाठवलं असतं तरी भागलं असतं, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये तशी सोय तयारच मिळते. पण एप्रिलमध्ये सकाळी सात वाजता खळ्यावर उभं राहून हे सुचणं आणि आज ऑफिसात चहा पिताना सुचणं यात फरक आहे, तो मी नाकारणार नाही. तो माणूस आता त्या कामावर नाही. इम्पोर्टची ओळ त्याने का ठेवली असेल? विसरला असेल. किंवा हंगाम संपला की परत येऊन नीट करू असं म्हटलं असेल. माझा कौल दुसऱ्या शक्यतेला, पुरावा शून्य.

मुलाला अजून पटलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं, फ्लोटमधला फरक पंधराव्या-सोळाव्या आकड्यावर येतो, हिशोबपट्टी रुपयात राउंड होते, शेतकऱ्याला काय फरक पडणार? प्रश्न चांगला होता. म्हणून त्या ओळीतलं दुसरं नाव मी त्याला दाखवलं. राउंड हाफ अप. अर्ध्याला वर ढकला. हे नाव ज्याने आणलं त्याने बाजार पाहिलेला होता, कारण पायथनचं स्वतःचं राउंड बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे झुकतं. २.५ राउंड केलं तर २ मिळतात, ३.५ केलं तर ४. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे, लांबच्या बेरजेत एका बाजूला कल पडत नाही. पण आपल्याकडे पन्नास पैसे आले की वरचा रुपया धरायचा, हे भाजीवालीपासून बँकेपर्यंत सगळे धरून चालतात. मी त्याला एक ट्रॉली मांडून दाखवली. वजन २२ क्विंटल ५० किलो, भाव क्विंटलला १,८६५ रुपये. गुणाकार ४१,९६२ रुपये ५० पैसे. हमाली, तोलाई, वाराई वजा करण्याआधीचीच गोष्ट. शेतकऱ्याच्या डोक्यात ४१,९६३. आमच्या पट्टीवर ४१,९६२. इथे पंधराव्या आकड्याचा संबंधच नाही, हा फरक चक्क रुपयाचा आहे आणि तो दर वेळी येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. भाव एक रुपयाने चढून १,८६६ झाला तर अर्धा उरतच नाही, पट्टी चोख. मुलाने तेच आकडे स्वतः टाकून पाहिले. मग वजन आणि भाव बदलून आणखी पाहिले. टेस्ट लिहिलेल्या होत्या, त्या सगळ्या पास होत होत्या, एकीतही पन्नास पैसे नव्हते.

व्यापाऱ्याकडच्या दिवाणजींना फोन लावला. आम्ही त्यांना काका म्हणतो. मला वाटलं होतं, पट्टीत रुपया इकडेतिकडे होतो हे ऐकून ते चिडतील, निदान दचकतील. ते म्हणाले, "हां, ते होतं ना." म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून? "तुमचं ते मोबाईलवालं आलं तेव्हापासून." एखादा शेतकरी फोनवर गुणाकार करून येतो, काका, एक रुपया कमी धरलाय म्हणतो. काका गल्ल्यातून रुपयाचं नाणं काढून देतात आणि संध्याकाळी कसर-वटावात, म्हणजे किरकोळ फरकांच्या खात्यात, टाकतात. "कोण वाद घालत बसणार हो ताई, तेवढ्यात तीन ट्रॉल्या रिकाम्या होतात." जे विचारायला येत नाहीत त्यांचं काय, असं मी विचारलं. पलीकडे क्षणभर नुसता काट्याच्या बीपचा आवाज. "ते राहतंच की मग," काका म्हणाले, आणि दुसऱ्या कोणाला तरी ट्रॉली मागे घ्यायला ओरडले.

त्या फोनने मला दिवसभर अस्वस्थ केलं. रुपयाची बाब आहे, कबूल. कांद्याचा भाव एका आठवड्यात क्विंटलमागे शेकड्यांनी वरखाली होतो, निर्यातीचा एक निर्णय आला की बाजार दुपारपर्यंत बसतो, तिथे रुपयाचं काय घेऊन बसायचं? तरी काकांच्या कसर-वटावातली ती बारीक बारीक नाणी माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. माणसांनी बिघाडाभोवती आपली वाट काढली होती. कागदावर सगळं जुळत होतं. आमच्याकडे एकही तक्रार आली नव्हती, आणि तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो होतो. बिघाडाची एकमेव लेखी खूण त्या फाईलच्या डोक्यावर होती आणि ती पुसायची सूचना सकाळी माझ्यापुढे अप्रूव्हलसाठी आली होती. हे लिहिताना मी त्या ओळीला जरा जास्तच भाव देतेय का, अशीही शंका येते. काकांना एखाद्या दिवशी सहज विचारलं असतं तरी हे कळलं असतं. पण सहज विचारायला जायला कोणाला वेळ असतो, आणि काय विचारायचं हे आधी माहीत असावं लागतंच.

मुलाशी आणखी एका गोष्टीवर बोलणं झालं. नाव न घेताच कामाला येणारे इम्पोर्ट. पायथनमध्ये नुसतं 'इम्पोर्ट रीडलाइन' लिहिलं की इनपुट घेताना बाणाच्या बटणाने मागची ओळ परत येते, रीडलाइनचं नाव पुढे कुठेही घेतलेलं नसतं. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबमध्ये ३.२ आवृत्ती येईपर्यंत त्रिमिती आलेख काढायचा तर एक असाच इम्पोर्ट वर ठेवावा लागायचा, तो लिंटरने काढला की आलेख बंद. जँगोत सिग्नलची, म्हणजे अमुक घडलं की तमुक कर असं सांगणारी, फाईल नुसती इम्पोर्ट केली की आतली फंक्शन्स जागच्या जागी जोडली जातात, आणि ती ओळ गेली तर चूक कुठेच दिसत नाही, नुसती पुढची कामं व्हायची थांबतात. अशा ओळीपुढे 'नोक्वा' असा शेरा मारून ठेवायचा, म्हणजे लिंटर तिला सोडतो. आमच्या कोडमध्ये असे दोन-चार शेरे आहेत, एकापुढेही कारण लिहिलेलं नाही. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने हा प्रश्न मुळातच वेगळा सोडवला. तिथे न वापरलेला इम्पोर्ट असेल तर प्रोग्राम तयारच होत नाही, आणि केवळ परिणामासाठी आणायचा असेल तर नावाच्या जागी एक अधोरेषा द्यायची. डेटाबेसचे ड्रायव्हर तसेच आणतात. मला ते कडक वाटतं, पण प्रामाणिक आहे. कोड लिहिता लिहिता मधेच काही तपासायचं असेल तर मात्र ते डोकं उठवतं, हेही खरं. त्यावर उपाय म्हणून सेव्ह केल्यावर इम्पोर्ट आपोआप काढणारी साधनं आली, आणि तीच सवय आता आमच्या एडिटरांत पायथनलाही लागलीये. वर इम्पोर्ट लिहा, हात सवयीने सेव्हवर जातो, खाली वापरायला येईपर्यंत वरचा इम्पोर्ट गायब. यावरून ऑफिसात रोज कोणीतरी वैतागतं.

मुलाच्या पुल रिक्वेस्टचं काय केलं? बहुतेक ओळी काढल्या, त्या कचराच होत्या. डेसिमलची परत आणली आणि तिच्याबरोबर खालचा हिशोबही डेसिमलवर आणला, पाठवताना अक्षरं करून पाठवायची, पन्नास पैशांची टेस्ट घातली. व्यापाऱ्याच्या मालकांना लेखी कळवलं. मागच्या पट्ट्यांचं काय करायचं ते त्यांच्या हिशोबनिसांबरोबर ठरतंय, त्याला वेळ लागेल. रफच्या सेटिंगमध्ये 'अनफिक्सेबल' नावाची एक यादी असते, तिच्यात एफ४०१ टाकला. म्हणजे तो आता तक्रार करतो, काढत नाही. काढायची माणसाने, फाईल उघडून. मुलाने तोंड वाकडं केलं, त्याच्या मते हे २०१० सालात राहण्यासारखं आहे. चार-पाच महिन्यांनी यादी कोणी वाचेनासं झालं की मीच सेटिंग परत फिरवीन, अशीही दाट शक्यता आहे. रोज तीच पिवळी यादी दिसली की डोळा तिच्यावरून घसरायला लागतो, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.

पण तूर्त तो उघडून बघतोय. काल जेवणाच्या सुट्टीत डबा हातात धरूनच माझ्या टेबलाशी आला. गाड्या भरण्याच्या नोंदींची फाईल. वर 'टाइमझोन' इम्पोर्ट केलेलं, खाली वापरलेलं नाही. खाली नोंदीची वेळ साध्या 'नाऊ'ने घेतलीये, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळाची. आणि सर्व्हर यूटीसीवर आहे, आपल्या साडेपाच तास मागे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात भरलेली गाडी आदल्या दिवसाच्या तारखेला पडत असणार. मी म्हटलं, पण रात्री गाड्या कोण भरतं? तो लासलगावचा आहे. "ताई, सगळे रात्रीच भरतात," म्हणाला. आज दुपारी काकांना फोन करायचाय.